मुशीच्या तेलाचं पाटातण

काल संध्याकाळी पुदिना आणायला खाली उतरले आणि इमारतीच्या दारातच चष्मा आंधळा झाला. ओढणीच्या टोकाने पुसला, दोन पावलं टाकली, पुन्हा आंधळा. म्हटलं, आला मेला. कौस आला.

कौस म्हणजे समुद्रावरून येणारा ओला वारा. कुवेतचा उन्हाळा तसा कोरडा, भट्टीच्या तोंडाशी बसवल्यासारखा. अंग भाजतं, ओठ फुटतात, पण निदान कपडे सुकतात. ऑगस्टात कधीतरी उत्तरेचा वारा दम टाकतो आणि मग हा सुरू होतो. डबीतल्या मिठाचं पाणी होतं, काडेपेटी रुसून बसते, भिंतीला टेकावं तर पाठ ओली होते. एका घरातली माणसंसुद्धा एकमेकांना धक्का लागू नये म्हणून अंग चोरून चालतात. मला ह्या दिवसांची किळस आहे. आवड-नावड म्हणतात तसलं काही नव्हे, चांगली पोटातून येणारी किळस.

मुलीचा हा फ्लॅट अबू हलीफात आहे, समुद्रासमोर, पुष्कळ वरच्या मजल्यावर. आत एसी, त्यामुळे काचांना बाहेरून घाम येतो. मी तणतणत वर आले तर नात म्हणाली, "नानी, इट्स जस्ट ह्युमिडिटी." जस्ट म्हणे! खिडकीशी उभी राहिले, आणि फिनेलने पुसलेल्या ह्या घरात येणं शक्यच नव्हतं असा वास माझ्या नाकात आला. मुशीच्या तेलाचा.

मुशी म्हणजे लहान शार्क. आमच्या कोकणात तिचं कालवणही करतात आणि बाळंतिणीला आवर्जून खाऊ घालतात. पण तिचं काळीज कढवून जे तेल काढतात ते खायचं नव्हे, होड्यांना चोपडायचं. त्याचा वास कसा, हे ज्याने घेतला नाही त्याला सांगणं कठीण. सडक्या माशाचा वास तो नव्हे. माशाचा वास नाकाला येतो, ह्या तेलाचा घशाला येतो. जीभ चिकट होते, दात आंबतात, आणि खाल्लेलं अन्न आपण कशाला खाल्लं असं वाटतं.

आता ज्यांच्यामुळे हा वास माझ्या जन्माला चिकटला त्यांच्याविषयी. माझ्या नवऱ्याचं नाव इस्माईल. तोंडाने हे नाव मी कधी घेतलं नाही, लिहिताना मात्र घेते, नाहीतर 'हे' कोण आणि 'ते' कोण, वाचणाऱ्याला उमगायचं नाही. आम्ही दोघंही रत्नागिरीकडच्या एकाच खाडीकाठचे. त्यांच्या घराण्यात गलबतं बांधायचं काम. गलबतांना कुणी विचारेना तेव्हा शेजारच्या गावचे हुसेनमियाँ, जे इथे बांधकामाची कंत्राटं घेत, त्यांनी इस्माईलना कुवेतला आणलं. पन्नासच्या दशकातली गोष्ट. खनिज तेलाने हे गाव नुकतंच फुगायला लागलं होतं. जो तो घर बांधत होता, आणि घर झालं की मागच्या अंगणात बसायला फळ्यांचं काहीतरी मागत होता. इंग्रज त्याला डेक म्हणत. इस्माईल म्हणत पाटातण, कारण आमच्याकडे गलबतावरच्या फळ्यांच्या जमिनीला तेच म्हणतात. मालक इंग्रज असो की अरब, त्यांच्या तोंडी शेवटपर्यंत पाटातणच राहिलं.

सगळ्या शहराची पाटातणं बांधणाऱ्या ह्या माणसाच्या बायकोला झोपायला मात्र ओली जमीन होती.

आमचं बिऱ्हाड शर्क मोहल्ल्यात, कुवेतच्या जुन्या गावात. मालक नव्या वस्तीत सिमेंटच्या घरात राहायला गेला आणि मागे उरलेलं मातीचं घर त्याने खोली-खोलीने भाड्याने लावलं. आमच्या वाट्याला एक खोली. अंगण सगळ्यांत मिळून एक, आणि अंगणाच्या कोपऱ्यात संडासाचा खड्डा. तो उपसणारा माणूस यायचा तेव्हा यायचा. कोरड्या दिवसांत चालून जाई. कौसात खड्ड्याची ओल अंगणात पसरे ती सुकतच नसे, हिरवट-काळा ओघळ थेट आमच्या उंबऱ्यापर्यंत येई, आणि त्या ओघळाच्या कडेने झुरळं चालत. खोलीत चटई उचलली की खाली बुरशीची काळी नक्षी. मी ती दररोज खरवडून काढी आणि दररोज ती परत येई. मी पोटुशी होते. पहिलीच खेप. बायकांना पहिले तीन महिने त्रास होतो म्हणतात, मला पूर्ण नऊ महिने झाला.

मी इस्माईलना स्पष्ट सांगून ठेवलं होतं. जमिनीपासून उंच, कोरडी, मी आणि मूल आडवं होऊ एवढी जागा करून द्या. नाहीतर मी बोटीत बसते आणि बाळंतपणाला आईकडे जाते. एकदा गेले की परत येईनच असं धरू नका. मी हे रागात म्हटलेलं नव्हतं. ह्या जमिनीवर मी मूल टाकणार नव्हते.

"करतंय गो, करतंय," ते म्हणत. "अहमदीचा काम हातावेगळा होऊं दे."

अहमदीचं झालं की शामियाचं, शामियाचं झालं की आणखी कुठल्या वस्तीचं. लाकूड हुसेनमियाँचं, वखारीतली ढलपीसुद्धा विचारल्याशिवाय उचलायची नाही. विकत घेऊ म्हटलं तर मलबारी सागवानाला हात लावायची आमची ऐपत नव्हती.

संध्याकाळी जेवताना ते कामाच्या गोष्टी सांगत आणि मी नाकाला ओढणी लावून ऐके. प्रत्येक वस्तीचं पाटातण वेगळं. अहमदी म्हणजे तेल कंपनीने वसवलेलं गाव. तिथे इंग्रज साहेबांचे बंगले, हिरवळ, कण्हेरीची कुंपणं. त्यांना पाटातण बुटकं आणि रुंद हवं, कठडा कमरेएवढा, खुर्च्या मागेपुढे सरकवता याव्यात अशा गुळगुळीत फळ्या. शामियातल्या नव्या अरबी घरांना मागच्या अंगणात भिंतीआड हवं. बायका अनवाणी बसतात म्हणून फळीला फळी घट्ट भिडलेली, आणि भोवती पुरुषभर उंच जाळी, म्हणजे शेजारच्या गच्चीवरून कुणाची नजर पडायला नको. इथे अबू हलीफात तेव्हा खजुराची झाडं आणि कोळ्यांची घरं होती. श्रीमंत व्यापारी सुट्टीला येऊन राहायचे. त्यांना खांबांवर उंच उभारलेलं आणि बोटभर फट सोडलेलं पाटातण लागे, पायाला लागून आलेली वाळू खाली गळून पडावी म्हणून.

ऐकायला गोड वाटतं. पण ह्या फळ्यांखाली काय साठतं ते दुरुस्तीला जाणाऱ्या सुताराला विचारा. अहमदीच्या फटींत आंबलेली बियर आणि मुंग्या. शामियाच्या फळ्यांखाली मटणाची थिजलेली चरबी. अबू हलीफात माशांची आतडी आणि त्यावर पोसलेली मांजरं. वर गालिचे, खुर्च्या, चहाचे पेले. खाली हे. मला त्या वयात वाटे की माणसं उंचावर बसतात ती फक्त आपलीच घाण आपल्याला दिसू नये म्हणून.

आणि अहमदीत ज्या साहेबाकडे काम चाललं होतं त्याच्या मडमने तर कमाल केली. इस्माईलनी वाऱ्याची दिशा बघून तिचं पाटातण पश्चिमेकडे आखलं. तिने नकाशावर बोट ठेवून ते फिरवायला लावलं. पश्चिमेच्या कुंपणापलीकडे नोकरांच्या चाळी होत्या, दोरीवर लुंग्या वाळत असत. खुर्चीत बसल्यावर ते दिसायला नको, आणि त्यांच्या फोडणीचा वास यायला नको. "पीठ उधर," ती म्हणाली. पाठ तिकडे. इस्माईल हे हसत हसत सांगत होते. मला हसू आलं नाही. त्या चाळींत आमच्याच गावची माणसं राहत होती.

परवा जावई म्हणाले, "अम्मी, बाल्कनीत डेक करतोय." राई नावाच्या भागातल्या शोरूममधून ते फळ्या घेऊन आले. प्लास्टिकच्या, एकमेकींत खटकन बसणाऱ्या, वर लाकडाच्या रेषा छापलेल्या. अर्ध्या तासात काम आटोपलं. मी वाकून वास घेतला. कसलाच नाही. खेळण्याच्या बाहुलीला येतो तसला थोडासा, आणि बाकी काही नाही. मला त्याचीही किळसच आली. इस्माईल असते तर त्या फळ्या त्यांनी पायाने बाजूला सारल्या असत्या.

कारण लाकूड त्यांच्या लेखी जिवंत होतं. "लाकूड तान्हेलेला असता गो," ते सांगत. "तेल नाय पाजला तर उन्हात फाटता." आणि तेल म्हणजे एकच. त्यांच्या बापाने, बापाच्या बापाने ऊन आणि खारं पाणी सोसायच्या प्रत्येक लाकडाला मुशीचं तेल पाजलेलं. शर्कच्या किनाऱ्यावर होडीवाल्यांकडे ते डब्याने मिळे. हुसेनमियाँ व्हार्निश देत. इस्माईल त्या डब्याचं झाकणही उघडत नसत. शामियाला आणि अबू हलीफाला लाकूड दुसऱ्यांनी रंगवलं होतं. अहमदीचं काम मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत ह्यांच्या हातचं, म्हणून त्यांनी ते आपल्या मनासारखं केलं. जुलैच्या कोरड्या वाऱ्यात तेलाचे दोन हात दिले. आठवड्याभरात तेल जिरलं, वास मेला, सागवानाला मधासारखा रंग चढला. मडम खूश झाली. तिने इस्माईलना स्वतः लिंबाचं सरबत दिलं म्हणे.

चूक ती एवढीच. गलबत समुद्रावर असतं. तिथल्या वाऱ्याने वास उडून जातो, उरला तर खलाशी काही तक्रार करत नाही. कण्हेरीच्या कुंपणात कोंडलेल्या अंगणात, कौसात, हे तेल कसं वागतं ते त्यांच्या घराण्यात कुणी पाहिलेलं नव्हतं.

त्यांच्या अंगाला मात्र तो वास कायमचा. मी त्यांना दारातच अडवी. ते साबणाने हात धूत, मग चिंचेने, मग राखेने. नमाजाला बसताना पुन्हा धूत. तरी नखांच्या कडेला राहायचाच. मी पाठ करून झोपे. शेजारच्या खोल्यांतली माणसं चेष्टा करीत, खाडीकाठची पोरगी आणि माशाच्या वासाने ओकते! ओकत होते खरी. नवऱ्याच्या अंगाची शिसारी येणं ही काय हसण्यावारी न्यायची गोष्ट होती? मला त्या वासाचा राग होता आणि त्याहून जास्त त्या रागाची लाज होती.

ऑगस्टात मडमकडे पार्टी निघाली. नव्या डेकवर पहिलीच. स्वयंपाकी एकटा पुरा पडणार नव्हता, तेव्हा हुसेनमियाँ आमच्या दारात येऊन म्हणाले, "भाभी, तुझ्या हातचे कटलेट मडमला खिलव. येवढा उपकार कर." मला अहमदी बघायची होती. गेले. ट्रकमध्ये पुढे बसून गेले आणि वाटेत दोनदा उतरून ओकले.

दुपारपासून वारा फिरला होता. संध्याकाळी माणसं जमेपर्यंत कौस पुरता बसला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला पाटातण समोर दिसत होतं. कागदी कंदील, पांढरे सदरे, बायकांचे उघडे दंड. फळ्यांवर ओल धरली होती, आणि कंदिलांच्या उजेडात त्या चमकत होत्या. लाकडाला घाम फुटला होता. मग मला तो वास आला. मी तळणाचा झारा हातातच धरून उभी राहिले. मी त्याला ओळखत होते, त्यांच्यातलं कुणी ओळखत नव्हतं.

सभ्य माणसांना दुर्गंधी येते तेव्हा काय होतं ते मी त्या दिवशी पाहिलं. आधी कुणीच काही बोलत नाही. प्रत्येक जण शेजाऱ्यापासून इंचभर सरकतो. एक बाई हळूच आपल्या बुटाचा तळ बघते. एक जण प्याल्यातली दारू हुंगतो. मग कुणीतरी गटाराचं नाव काढतं आणि सगळ्यांना हायसं वाटतं. साहेब गटार बघून आला. गटार बिचारं स्वच्छ होतं.

मग मडम स्वयंपाकघरात आली. स्वयंपाक्याकडे पाहिलं, तेलाच्या कढईत पाहिलं, कटलेट उचलून नाकाशी नेलं. नंतर माझ्याकडे वळली. "तुम मछली लाया?" मी नाही म्हणून मान हलवली. ती जवळ आली आणि तिने माझी बाही चिमटीत धरून हुंगली. मग दुसरी बाही. मी मोठ्या पोटाने भिंतीला टेकून उभी, हातात झारा, आणि ती माझा वास घेते आहे. तिच्या अंगाला पावडरचा आणि दारूचा वास येत होता. मला तिची इतकी घाण वाटली की तेवढी त्या तेलाची कधी वाटली नव्हती. तिने मला बाहेर, मोटारींकडच्या बाजूला जाऊन बसायला सांगितलं. माझ्यामुळे वास येतो आहे, ही तिची खात्री झाली होती.

मी बाहेर, पाटातण दिसेल अशा जागी जाऊन बसले आणि वास काही गेला नाही. तो आणखी वाढला. मग कुणा पाहुण्याच्या कुत्र्याने निकाल लावला. ते पाटातणावर चढलं, नाक खाली घातलं, आणि एका टोकापासून फळ्या चाटायला लागलं. ओढलं तरी हटेना. चाळींकडून मांजरं आली, कठड्यावर बसली. तेव्हा कुठे साहेब गुडघ्यावर बसला आणि त्याने बोट फळीवर घासून नाकाशी नेलं. त्याचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. मला हसायला यायला हवं होतं. मला रडू आलं, कारण आता इस्माईलच्या कामाचं काय होणार ते मला दिसत होतं. बाही हुंगल्याबद्दल मडम माझ्याकडे येऊन दोन शब्द बोलेल असंही वाटलं होतं. ती आली नाही.

दुसऱ्या दिवशी हुसेनमियाँ साहेबासमोर इस्माईलवर ओरडले. "हा समदा उखड आनि दर्यात फेक! मना पुन्हा दिसता नये!" इस्माईलनी पाटातण उखडलं. एक फळी न फोडता, एक खिळा न वाकवता. आणि ट्रक दर्याकडे न नेता आमच्या दारात आणून उभा केला.

मी उंबऱ्यात उभी राहिले. "हे इथे नाही."

"सागवान हाय गो. फेकू कसा? ते म्हणाले दिसता नये. इथं त्यांना कुठं दिसता?"

"मी मेले तरी ह्याच्यावर पाय ठेवणार नाही. बोटीचं बघा माझ्या."

ते फळ्या उतरवायला लागले. मी आत गेले, दार लावून घेतलं आणि आतून त्यांची करवत ऐकत राहिले. दोन दिवस ऐकली. मग कामाला गेलेत असं बघून दार उघडलं. त्यांनी आमच्या दारासमोरच्या अंगणाचं माप घेऊन पाटातण बांधलं होतं, कुणा साहेबाचं घेतात तसं. खड्ड्याचा ओघळ खालून निघून जाईल एवढी उंची. वर झुरळ चढू नये म्हणून पायांखाली राखेने भरलेल्या पत्र्याच्या वाट्या. इतर खोल्यांच्या बाजूला शामियासारखी जाळी, पण बुटकी, मी बसल्यावर झाकली जाईन आणि मला मात्र आकाश दिसेल अशी. एका कडेला फळी थोडी वर उचललेली. ती कशासाठी हे मला आधी कळलं नाही. मग कळलं की मी डाव्या कुशीवर झोपते, मूल माझ्या त्या बाजूला असणार, आणि ते गडगडत खाली पडू नये. ह्या माणसाकडे मी कितीतरी दिवस पाठ करून झोपत होते. तेवढ्यात त्याने हे बघून ठेवलं होतं. आणि हे सगळं अजून तसंच घाणत होतं.

मी आणखी थोडे दिवस हट्टाने खोलीत काढले. बाहेर इस्माईल पाटातणावर गाढ झोपत, आत मी ओल्या चटईवर. एका दुपारी माझ्या केसांत काहीतरी वळवळलं. झटकलं तर झुरळ. ते पडलं ते चटईवर, आणि चटईखालच्या बुरशीत शिरलं. मी उठले, बाहेर आले आणि पाटातणावर चढले. कडेला वाकून सपाटून ओकले. तोंड धुतलं, आडवी झाले. फळ्या गार होत्या, कोरड्या नव्हत्या पण चिखलही नव्हता. खालून हवा येत होती. वास घशात बसलेलाच होता. मी पुन्हा एकदा ओकले आणि मग झोपले. संध्याकाळी इस्माईल आले तेव्हा जागी झाले. बोटीचा विषय मी त्यानंतर काढला नाही.

लोक म्हणतात, सवय होते. खोटं आहे. मला कधीच सवय झाली नाही. मी तिथे बसून भाजी निवडली, कपडे शिवले, दिवस मोजले आणि रोज मला ढवळलं. फक्त एवढं झालं की मला काय नको आहे आणि त्याहून जास्त काय नको आहे, हे वेगवेगळं कळायला लागलं.

पाऊस इथे पडला तर पडतो, पण हवा मात्र ऑक्टोबरअखेर पालटली. कौस संपला. मुलगी झाली ती त्याच पाटातणावर, जाळीला चादरी बांधून. शेजारची म्हातारी उम्म जासिम सुईणपण करी. ती आत शिरली आणि अबायाने नाक दाबून म्हणाली, "या अल्ला, सफीना!" सफीना म्हणजे जहाज. तिचा नवरा जन्मभर मोती काढायच्या जहाजांवर होता आणि तो घरी यायचा तेव्हा असाच यायचा, असं ती मला कळा येत असताना सांगत बसली. मी तिला गप्प बस म्हटलं, मराठीत. तिला कळलं असावं, कारण ती हसली.

थंडी आली. उत्तरेचा कोरडा वारा सुटला आणि पाटातणाचा वास मेला, अगदी जुलैत मेला होता तसा. मुलगी उचललेल्या फळीला लागून उन्हात झोपे. मी तिच्या अंगाला तेल लावी, खोबरेल. तिचे पाय कोरडे, माझी पाठ कोरडी. कुवेतमध्ये आल्यापासून मला प्रथमच घरात बसल्यासारखं वाटत होतं.

तेव्हा हुसेनमियाँ आले. शुक्रवार होता, इस्माईल घरी होते, उम्म जासिम मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. बाहेर ट्रक उभा. हुसेनमियाँ पाटातणाशी वाकले, नाक लावलं, हात फिरवला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"वास गेला की रे! भाभी, जरा उतर. फळ्या न्यायला आलाव. अबू हलीफात एक शेठ घर बांधतोय."

"तुम्ही त्या दर्यात फेकायला सांगितल्या होत्या," मी म्हटलं.

"नाय फेकल्या ना? मग फळ्या माझ्या हायत." ते माझ्याशी नव्हे, इस्माईलशी बोलत होते. "तुला नोकरी कुनी दिली रे? त्या मडमच्या समोर तोंड काळा झाला तरी तुला ठेवलो का नाय?"

इस्माईल उभे होते. ह्या माणसाने त्यांना इथे आणलं होतं, आणि मनात आणलं तर उद्या बोटीत बसवलं असतं. त्यांनी फळ्यांकडे पाहिलं, मग मुलीकडे, मग माझ्याकडे. ट्रकमधून उतरलेल्या माणसाने पहार आणून जाळीला लावली.

दाराआड तेलाचा डबा होता. इस्माईल किनाऱ्यावर कुणाची होडी दुरुस्त करत होते, त्यासाठी आणलेला. तो मी कधी हाताने सरकवलासुद्धा नव्हता, पायाने सरकवायची. मी आत जाऊन तो उचलला, झाकण दातओठ खाऊन उघडलं, आणि बाहेर येऊन सगळ्यांच्या देखत पाटातणावर ओतला. पहार लावलेल्या जागेपासून सुरुवात केली. तेल जाड होतं, पसरेना. मग मी गुडघ्यावर बसले आणि दोन्ही हातांनी ते फासलं, फळ्यांवर, फटींत, जाळीवर. कोपरापर्यंत माखले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"न्या आता," मी म्हटलं. "शेठना सांगा, भाभीने लावून दिलं."

पहारवाला मागे सरला. हुसेनमियाँनी रुमाल नाकाला लावला. त्यांनी इस्माईलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि "या बाईचा डोका फिरला हाय" असं रुमालातून म्हणत दाराबाहेर पडले. ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला. अबू हलीफाचं काम इस्माईलशिवाय कुणाला जमणार नव्हतं, म्हणून नोकरी राहिली. पण हे मागाहून कळलं. तेव्हा मला फक्त एवढं कळत होतं की माझी जागा जागेवर आहे आणि मला भयंकर ओकारी येते आहे.

मी कडेला वाकून ओकून आले. इस्माईल पाटातणाशी उकिडवे बसून मी फासलेलं तेल बघत होते.

"असा नाय लावायचा गो," ते म्हणाले. "रेषेरेषेनं ओढायचा. जा, फडका आन."

मी फडका आणला. त्यांनी अर्धा फाडून मला दिला, आणि एका टोकाने ते, दुसऱ्या टोकाने मी, असे आम्ही शेवटच्या फळीपर्यंत तेल ओढत गेलो.